कार्डांची मागची बाजू

शारजा, 2 नोव्हेंबर 2001

पर्णिका,

तुझ्या होस्टेलचा पत्ता श्रीनाथमामाकडून मिळाला. त्याच्यावर रागावू नकोस. तो लगेच देत नव्हता. "दाजी, तिला विचारतो आणि सांगतो," म्हणाला. दोन दिवसांनी त्यानं फोनवर सांगितला. म्हणजे तू हो म्हणालीस, किंवा निदान नको म्हणाली नाहीस.

ऑफिसात आता सगळ्यांना ई-मेल दिला आहे, पण टाइप करताना मला काही सुचत नाही. तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर काढली, हातात पेन्सिल लागते.

मे महिन्यात तुझ्या वाढदिवसाला मी दिलेला अल्बम तू टेबलावर ठेवून गेलीस. तो घरातच आहे. तुला तो क्रिकेटच्या कार्डांचा डबा जसा होता तसाच पुण्याला न्यायचा होता. इथल्या दमट हवेनं पत्र्याच्या डब्यात कार्डं वाकतात, म्हणून मी ती डिंकानं नीट अल्बममध्ये चिकटवून दिली. तू पहिलंच कार्ड उचलून बघायला गेलीस, त्याचा कोपरा फाटला, आणि तू माझ्याकडे बघितलंस. मागच्या बाजूला आईनं लिहिलेलं माझ्या ध्यानातच राहिलं नाही, असं मी म्हणालो. तू अल्बम मिटलास. त्यानंतर जूनमध्ये विमानतळावर सोडेपर्यंत आपण बोललो ते सामानाच्या वजनाबद्दल.

गेल्या शुक्रवारी मी अल्बम घेऊन खैरुद्दीनकडे गेलो. रोल्लाला बसस्टँडच्या मागे त्याचं जुनी तिकिटं, नाणी आणि पुस्तकं विकायचं दुकान होतं ना, तिथेच आहे तो अजून. लहानपणी तू त्याला कराचीवाले अंकल म्हणायचीस. विलायतेतल्या सिगारेटच्या पाकिटात निघणारी साठ-सत्तर वर्षांपूर्वीची क्रिकेटची कार्डं मी त्याच्याकडूनच घ्यायचो. घ्यायचो कमी, बघत बसायचो जास्त. तो चहा सांगायचा आणि एकेक कार्ड कागदाच्या पुडीतून काढून दाखवायचा. शुक्रवारची सकाळ अशी गेली की पुढचा आठवडा मला बरा जायचा.

अल्बम उघडून त्यानं एका पानावर बोट फिरवलं.

"सदानंदभाई, ये किसने किया?"

"मैंने."

"कार्डों से कोई दुश्मनी थी?"

मग त्यानं वास घेतला आणि जरा सैल झाला. डिंक साधा आहे, शाळेतला, म्हणजे पाण्यानं सुटेल. पांढरा, लाकडाला लावायचा असता तर खलास. पान कापून घ्यायचं, ओल्या टिपकागदावर ठेवायचं, आणि वाट बघायची. ओढायचं नाही. कार्ड स्वतःहून सरकायला लागलं की उचलायचं. मागे पेन्सिलीनं लिहिलं आहे म्हटल्यावर तो म्हणाला, शिसं पाण्याला घाबरत नाही, घाबरते ती शाई.

आईला पेन्सिलीची सवय होती हे बरं झालं. शाळेत गणिताचे पेपर तपासायची तेव्हा लाल पेन, बाकी सगळं पेन्सिलीनं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, लिहिताना मला नीट आठवतं. मिरजेला आमच्या लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची रंगीत कार्डं निघायची. ती मी जमवली, डब्यात घालून इथे आणली. आपण स्टेडियमवर मॅच बघायला निघालो की सकाळी मी डब्यातलं एक कार्ड निवडायचो आणि शर्टच्या खिशात घालून न्यायचो. परत आल्यावर आई त्याच कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन-चार ओळी लिहायची. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी म्हणालो होतो, अगं, असं लिहिलं की कार्डाची किंमत जाते. ती म्हणाली, "विकायची आहेत का तुम्हाला? पुढची बाजू तुमची, मागची माझी." त्यानंतर मी मागे बघितलं नाही. नऊ वर्षांत अडतीस मॅच, अडतीस कार्डं.

काल पहिलं निघालं. कार्ड पाठवत नाही, टपालात वाकेल. आईचं जसंच्या तसं उतरवतो:

"शुक्रवार. पर्णी पहिल्या डावात झोपली, दुसऱ्या डावात रडली. आपले हरले. येताना हे एक शब्द बोलले नाहीत. जेवायला वाढू का विचारलं तर नको म्हणाले. मग तीन पोळ्या खाल्ल्या."

हे 1989चं आहे. तू सहा वर्षांची होतीस.

बाबा


शारजा, 25 जानेवारी 2002

पर्णिका,

सोमवारी आईला जाऊन तीन वर्षं झाली. मी सुट्टी घेतली नाही. संध्याकाळी थोडा शिरा केला, तो खाली लागला.

तुझं पत्र आलं नाही, ते येईल म्हणून मी थांबलो होतो असंही नाही. मामा म्हणाला की पहिलं पत्र तुला पोचलं. तू वाचलंस का हे मी त्याला विचारलं नाही.

अकरा कार्डं सुटली. एका शुक्रवारी एकच करतो. सकाळी टिपकागद ओला करून पान ठेवायचं आणि उठून दुसऱ्या कामाला लागायचं. शेजारी बसलो तर हात जातो. दोन कार्डांचं नुकसान झालं, मागचा पापुद्रा पानालाच राहिला. त्यावरची अक्षरं उलटी दिसतात. बाथरूमच्या आरशासमोर धरून वाचली. दाढी करायच्या आरशात तुझ्या आईचं अक्षर बघणं जरा विचित्र वाटलं. पण वाचता आलं, काही गेलं नाही.

तुला आवडतील अशी दोन पाठवतो.

"पर्णीनं शेजारच्या पठाण आजोबांना विचारलं, तुम्ही कोणाकडून? ते म्हणाले, बेटी, जिसके पास ठंडा पानी है. तिनं आपली बाटली देऊन टाकली. पाच षटकांनी स्वतःला तहान लागली तेव्हा परत मागायला गेली. आजोबांनी संत्रं पण दिलं."

"थंड पेय तीन दिरहम, म्हणजे तीस रुपये. मी म्हटलं, तीस रुपयांत मिरजेला लिंबाची पिशवी येते. हे म्हणाले, मॅच बघ. मी म्हटलं, बघतेच आहे, तोंडानं हिशेब करता येतो."

पठाण आजोबा मला आठवत नाहीत. मॅच आठवते, कोण कसा बाद झाला हे अजून सांगता येईल. पण तू उठून कोणाला पाणी दिलंस, परत मागायला गेलीस, हे माझ्या दोन खुर्च्या पलीकडे घडलं आणि मला पत्ता नाही.

तुला तिकडे थंडी वाजत असेल. आईची निळी शाल कपाटात आहे. हवी असल्यास मामाला सांग, इथून कोणी जाणारं असलं की देतो.

बाबा


शारजा, 19 एप्रिल 2002

पर्णिका,

परवा स्टेडियमवर जाऊन आलो. पाकिस्तान आणि श्रीलंकेची फायनल होती. आपले आता इथे येत नाहीत, तुला माहीत असेल. सरकारनं बंद केलं. तरी मी जातो. मैदान तेच आहे, आपण बसायचो तो स्टँड तोच आहे, आणि दिवे लागले की गवताचा रंग अजून तसाच होतो. इथे वर्षभर बाहेर वाळू बघायची आणि मग जिन्यावरून वर आल्यावर एकदम तेवढं हिरवं समोर यायचं. आई दर वेळी शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबायची. मागून लोक यल्ला यल्ला, चला चला करत ढकलायचे. मला वाटायचं तिला दम लागतो.

एका कार्डावर तिनं लिहिलं आहे: "वर आलं की आधी हिरवं दिसतं. त्यासाठी मी येते. ह्यांना सांगितलेलं नाही, नाहीतर क्रिकेट समजावून सांगणं बंद करतील."

मी नऊ वर्षं तिला पायचीत समजावत होतो.

फायनल एकतर्फी झाली. सोनापूरच्या कॅम्पमधून बसनं आलेली कामगार मंडळी माझ्या पुढे बसली होती, त्यांच्यात आमच्या साइटवरचा गणू होता, सिंधुदुर्गाकडचा. म्हणाला, "साहेब, आपलं कोण खेळत नाय, तरी आलात?" मी म्हटलं, तू? तर तो म्हणाला, "कॅम्पात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं." त्यानं मला उकडलेले शेंगदाणे दिले.

डब्यात उरलेलं, मागे कोरं असलेलं एक कार्ड नेलं होतं मी खिशात. परत येऊन टेबलावर ठेवलं. मागे लिहायला पेन्सिल घेतली. धावसंख्या लिहिली आणि खोडली.

वीस कार्डं झाली. खैरुद्दीनला दाखवायला नेली तेव्हा त्यानं पुढची बाजू बघितलीच नाही. त्याला मराठी येत नाही, मी हिंदीत करून सांगितलं. एकावर थांबून पुन्हा वाचायला लावलं. ते असं होतं: "मॅच बघताना ह्यांचा उजवा पाय सारखा हलतो. आज लक्ष ठेवलं. चेंडू हवेत असला की थांबतो. झेल सुटला की पुन्हा सुरू. मी आता चेंडू बघत नाही, पाय बघते, तेवढंच कळतं."

खैरुद्दीन म्हणाला, "भाभी ने तो असली मॅच आप की देखी." मग चष्मा पुसत बसला. त्याची बायको कराचीला असते, दोन वर्षांतून एकदा जातो.

बाबा


शारजा, 18 ऑक्टोबर 2002

पर्णिका,

मामाकडून कळलं की पहिल्या वर्षाचा निकाल चांगला लागला. त्यानं टक्के सांगितले तेव्हा मी ते कागदावर लिहून घेतले. आईनं लिहूनच घेतले असते, म्हणून.

मध्ये सहा महिने पत्र लिहिलं नाही. काम होतं. दुबईत जुमेराच्या पलीकडे वाळवंटात नवीन टॉवर्स उठणार आहेत, सगळे तिकडेच धावत आहेत. आमच्या कंपनीलाही कुठला तुकडा मिळतो का म्हणून रात्रंदिवस ड्रॉइंग काढणं चालू आहे. पण खरं म्हणजे काम हे कारण नाही. पुढची कार्डं 96-97 ची होती, आणि मी हळू झालो.

गेल्या आठवड्यात ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तानची कसोटी इथे झाली. पाच दिवसांची मॅच दोन दिवसांत आटोपली. पहिला दिवस शुक्रवार होता म्हणून गेलो. इतकं ऊन होतं की खुर्चीला हात लागत नव्हता. स्टँडमध्ये मोजकी माणसं. ऑफिसातला अनिल बरोबर होता. तो वेळ जायला म्हणून जुन्या मॅचच्या गोष्टी काढत होता. अठ्ठ्याण्णवची वादळाची मॅच त्यानं घरी टीव्हीवर पाहिली होती. आणि मी तेव्हा इथे होतो हे कळल्यावर तो सोडेना.

"सदानंद, यू वेअर हिअर? अरे बोल ना! वाळू आली तेव्हा काय झालं?"

मी म्हटलं, काही दिसत नव्हतं.

"आणि नंतरची बॅटिंग?"

मी म्हटलं, ती तर तू टीव्हीवर माझ्यापेक्षा नीट पाहिली असशील.

तो म्हणाला, तुझ्यासारख्या माणसाला तिकीट मिळणं म्हणजे वेस्ट आहे. हसलो मी. मला सगळेच हे विचारतात, तुलाही ते माहीत आहे. मिरजेला गेलो की पानवाल्यापासून सगळे. त्या संध्याकाळी तिथे असलेला माणूस म्हणून मला चहा पाजतात. तू चाचणीचा अभ्यास करायला घरी राहिली होतीस. आई आणि मी, दोघंच गेलो होतो.

एकतीस कार्डं झाली. एक पाठवतो, 97चं आहे:

"पर्णी आता आमच्यात बसत नाही. मैत्रिणी भेटल्या की दोन रांगा खाली. मी हाक मारली तर म्हणाली, मम्मी, नॉट नाऊ. आधी आई म्हणायची, मी मम्मी कधी झाले कळलं नाही. डबा मात्र घेऊन गेली. थालीपिठं सगळी संपवून रिकामा परत पाठवला, मैत्रिणीच्या हातून."

वाईट वाटून घेऊ नकोस. पुढे कंसात लिहिलं आहे, "हसू आलं."

बाबा


शारजा, 28 फेब्रुवारी 2003

पर्णिका,

सदतीस कार्डं सुटली. वाळवून, टिपकागदाच्या मध्ये घालून, स्टीलच्या कॅटलॉगखाली दाबून ठेवली आहेत. सरळ झाली. डिंकाचा डाग काहींवर राहिला, पण वाचता येतं.

शेवटचं एक निघत नाही. त्याला डिंक जास्त लागला होता. खैरुद्दीनकडे नेऊन उपयोग नाही, त्यालाही जमायचं नाही. ते पान तसंच ठेवावं असं वाटतं. सदतीस मिळाली हेच खूप झालं.

वर्ल्ड कप चालू आहे, तू बघत असशील. इथे अनिलच्या घरी सगळे जमतात. मी एकदाच गेलो.

सदतीस कार्डं कोणाबरोबर पाठवू ते कळव. मामाला सांगितलंस तरी चालेल.

बाबा


शारजा, 11 एप्रिल 2003

पर्णिका,

काल इथली फायनल होती. गेलो नाही. तिकीट घेतलं होतं, ते गणूला दिलं.

मागच्या पत्रात शेवटचं कार्ड निघत नाही असं लिहिलं ते खरं नाही. ते मी पाण्यात ठेवलंच नव्हतं. काल ठेवलं. वीस मिनिटांत सुटलं. बाकी सगळ्यांपेक्षा सहज.

ते या पाकिटात आहे. दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावला आहे आणि रजिस्टर्ड करतो आहे. हे एकच मी उतरवून पाठवत नाही. उतरवताना एखादा शब्द बदलायचा मोह झाला असता. आईच्या हातचंच वाच. माझं पत्र पुढे वाचायच्या आधी वाच.

वाचलंस ना.

आता मला जे लिहायचं आहे ते मी गेलं दीड वर्ष दर पत्रात लिहायला बसलो आणि दुसरं काहीतरी लिहून उठलो.

आई गेली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की तिनं कोणाला काही सांगितलंच नाही. त्याआधी जुलैत मिरजेत डॉक्टरांनी विचारलं, एवढे दिवस काय करत होतात, तेव्हाही मी तेच म्हणालो. मामा इथे आला होता, खुर्चीवर बसून रडत म्हणत होता, ताई अशीच होती, सगळं मनात ठेवायची. मी मान हलवली. तुलाही मी जवळ घेऊन तेच सांगितलं. ती कोणाला काही बोलली नाही म्हणून. लोक तिला दोष देत होते आणि मी देऊ देत होतो.

तिनं सांगितलं होतं. 22 एप्रिल 1998ला, वादळात, स्टँडमध्ये. वाळू आली तेव्हा सगळे खाली वाकले. तिनं ओढणी दोघांच्या डोक्यावर घेतली आणि त्या आत, माझ्या कानाशी, काखेजवळ गाठ लागते आहे, महिना झाला, असं सांगितलं. मी म्हणालो, फायनल होऊ दे, मग बघू.

फायनलची तिकिटंसुद्धा नव्हती आपल्याकडे. तुला आठवत असेल, आपण ती घरी टीव्हीवर पाहिली. थांबायचं काही कारणच नव्हतं.

आणि फायनल झाल्यावर मी काय म्हणालो ते कार्डावर नाही, कारण त्यानंतर आपण मॅचला गेलोच नाही. ते मी लिहितो. मी म्हणालो, आता जुलैत मिरजेला जाणारच आहोत, तिकडे आपले डॉक्टर आहेत, इथे कशाला अनोळखी माणसांना दाखवायचं. आपण इथले सगळे असंच करतो. दाढ दुखली तरी जुलैपर्यंत लवंग धरतो. चष्मा, गुडघा, रक्त तपासणं, सगळं वार्षिक रजेच्या यादीत. त्या यादीत मी तिची गाठ लिहिली. खरंच लिहिली होती, पर्णिका. सॅमसोनाइटच्या बॅगेची चाकं दुरुस्त करणे, पर्णीचा पासपोर्ट, शोभना डॉ. अशी. तीन महिने ती यादी फ्रिजवर होती.

इथे चार गल्ल्या पलीकडे दवाखाना होता.

ती गेल्यावर पुढच्या एप्रिलमध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा मी डबा काढला. जायचं नव्हतं, नुसता काढला. सगळ्यात वरचं कार्ड उलटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मागची बाजू बघितली आणि ते तेच निघालं. बाकीची मी वाचली नाहीत. डबा मिटून वर ठेवला.

मग दोन वर्षांनी तू डबा मागितलास. तू तो उघडणार, एकेक वाचणार, हे मला दिसत होतं. ते एक कार्ड काढून घेता आलं असतं. पण किती मॅच झाल्या हे तुला पाठ होतं, सदतीसच निघाली असती तर तू विचारलं असतंस. फाडून टाकायला हात उठला नाही, तिचं अक्षर होतं. म्हणून मी दुकानात जाऊन अल्बम आणला, डिंकाच्या दोन बाटल्या आणल्या, आणि दोन शुक्रवार बसून सगळी चिकटवली. एक झाकायला सदतीस झाकली. दमट हवा वगैरे काही नव्हतं.

तू कोपरा उचललास तेव्हा मला वाटलं, आईचं लिहिलेलं गेलं म्हणून तुला वाईट वाटतंय. तेवढंच तुला कळलं आहे या आधारावर मी आजपर्यंत तुला पत्रं लिहिली.

सदतीस कार्डं पुढच्या आठवड्यात कावेरी जोशींबरोबर पाठवतो आहे, त्या पुण्याला चालल्या आहेत. मामालाही मी पत्र लिहिलं आहे. त्याला सगळं सांगितलं. तो माझ्याशी बोलेल की नाही ठाऊक नाही.

तू उत्तर दे असं मी म्हणत नाही.

बाबा


शारजा, 29 एप्रिल 2003

पर्णिका,

तुझा फोन आला तेव्हा मी साइटवर होतो. मागे काँक्रीटचा मिक्सर चालू होता, म्हणून मी हॅलो हॅलो करत राहिलो. तुला वाटलं असेल मी मुद्दाम ऐकत नाही. दोन वर्षांत तुझा आवाज बदलला आहे. पहिल्या शब्दाला मला शोभनाचा वाटला.

तू म्हणालीस, "बाबा, आय न्यू." मी म्हटलं, काय? तू पुन्हा म्हणालीस. मग मराठीत म्हणालीस, "आई गेली त्याच आठवड्यात मी डबा काढून सगळी वाचली होती. सगळी."

मी तिथेच सळयांच्या ढिगावर बसलो. गणूनं लांबून खूण करून विचारलं, बरं आहे ना.

म्हणजे मी मामाला, शेजाऱ्यांना, तुला जवळ घेऊन सांगत होतो की ती कोणाला बोलली नाही, तेव्हा तू ऐकत होतीस. तुला सोळा वर्षंही पूर्ण झाली नव्हती. दहावीची परीक्षा तोंडावर होती. त्यानंतर दोन वर्षं तू माझ्यासमोर बसून जेवलीस. तू डबा मागितलास तो मला बोलायला जागा करून द्यावी म्हणून मागितलास. आणि मी तुझ्या हातात अल्बम दिला. तू कार्डाचा कोपरा बघत नव्हतीस, मला बघत होतीस. "आय वॉज वेटिंग फॉर यू टू से इट," तू म्हणालीस. ओरडून म्हणाली असतीस तर बरं झालं असतं.

माफ केलं असं तू म्हणाली नाहीस. मी ते ऐकायला थांबलोही नव्हतो. मामाचाही फोन आला होता, माझं हॅलो ऐकून त्यानं ठेवून दिला. त्याचंही बरोबर आहे.

तू शेवटी जे विचारलंस ते मिक्सरच्या आवाजात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. लिहून कळवतो म्हणालो आणि तू बरं म्हणालीस. तू विचारलंस, "तुम्ही फायनल होऊ दे म्हणालात. मग आई काय म्हणाली? ते कार्डावर नाहीये."

हे आता फक्त मलाच माहीत आहे, आणि मी ते कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून नीट आठवून लिहितो.

वारा कमी झाला होता. तिनं ओढणी काढली, झटकली. तिच्या भुवयांवर वाळू होती, माझ्याही असणार. लोक उभे राहायला लागले. मी म्हणालो, फायनल होऊ दे, मग बघू. ती म्हणाली, "चालेल." एवढंच.

ती ते कसं म्हणाली, हे तू विचारशील. घाबरून म्हणाली, की रागावून, की नेहमीसारखं सहज. मीही पाच वर्षं हेच आठवायचा प्रयत्न करतो आहे. मला सांगता येत नाही. पंच परत मैदानात येत होते. मी तिकडे बघत होतो.

बाबा